सोलापुरातला रविवारचा स्टँडअप शो: पहिल्या पोरासाठी नक्की जा, मेनवाल्याबद्दल मात्र बोलायचंय

रविवारी संध्याकाळी होटगी रोडच्या बाजूला एका हॉलमध्ये स्टँडअपचा शो बघून आले आणि तीन दिवस झाले तरी डोक्यातनं जाईना, म्हणून लिहायला बसलेय. आपल्या गावात असले शो आता कुठं व्हायला लागलेत, ते बंद पडू नयेत असं मनापासून वाटतं, आणि म्हणूनच जे खटकलं ते पण सांगणार आहे.

आधी साध्या गोष्टी. तिकीट ३९९ चं. वेळ सातची दिलेली, सुरू झाला पावणेआठला. एसी चांगला होता, साऊंड मागच्या रांगेत जरा घुमत होता, खुर्च्या प्लास्टिकच्या पण दोन रांगांमध्ये जागा भरपूर सोडलेली त्यामुळं नानांना पाय लांब करून बसता आलं. पार्किंगला त्रास नाही. बाथरूम स्वच्छ. मधल्या सुट्टीतला चहा २० रुपयाला, ठीक.

नाना म्हणजे माझे वडील. आमच्या घरात तेलुगु बोलतात, शहराच्या पूर्वभागातलं आमचं घर, आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, पणजोबा तेलंगणातनं मागावर काम करायला आले ते इथलेच झाले. नानांनी पस्तीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणलेत, मागाच्या खडखडाटानं डावा कान गेलाय, म्हणून मी मुद्दाम पुढची दुसरी रांग घेतली होती. सोबत माझी मैत्रीण, ती कन्नड घरातली, अक्कलकोट तालुक्यातली. आम्ही तिघं आपापसात बोलताना मराठी बोलतो, म्हणजे बोलतो ते सोलापुरी, त्यात सगळंच येतं.

तिघं कॉमेडियन होते. पहिला इथलाच पोरगा, बावीस-तेवीसचा असेल, घरात दखनी, म्हणजे इकडची दक्षिणेतली उर्दू, बोलणारा. दुसरी पुण्याची मुलगी, तिचं भाड्याच्या घराचं आणि ब्रोकरचं मटेरियल छान होतं, पंधरा मिनिटं हसवलं, त्यावर जास्त लिहीत नाही. आणि तिसरा मेन, मुंबईचा, ज्याचे रील सगळ्यांच्या मोबाईलवर येतात आणि ज्याच्यासाठीच हॉल भरला होता. पोस्टरवर लिहिलेलं होतं की दीड तासात सगळा देश आणि अर्धं जग ऐकवणार, म्हणजे सगळ्यांचे ॲक्सेंट.

आता त्या पहिल्या पोराबद्दल सांगते कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्याच्या बारा मिनिटांत आहे. त्यानं विषय घेतला नळाला पाणी येण्याच्या सकाळचा. गल्लीत एक नळ, तीन बायका. एक तेलुगु मावशी, एक कन्नड अक्का आणि एक त्याची स्वतःची अम्मी. एवढंच. त्यानं आवाज पण फार बदलला नाही, पण मावशी बोलायला लागली आणि म्हणाली, "सून आलं, बस्सु आलं, पाणी अजून नाही आलं," आणि नानांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, "मन अम्मे!" म्हणजे ही तर आपली अम्माच! नानांची आई, माझी नायनम्मा, अगदी अशीच मराठी बोलायची. सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायची आणि दारातनं कोण आलं गेलं ते सांगायची, सून आलं, पोस्टमन आला, शेळी आलं.

लहानपणी मला वाटायचं नायनम्माला मराठी येत नाही म्हणून ती चुकते. शाळेत मुलं हसायची म्हणून मी तिला पालकसभेला येऊ नको म्हणायचे, ते आजही आठवलं की पोटात तुटतं. खूप नंतर कळलं की ती चुकत नव्हती, ती तेलुगुच्या नियमानं बोलत होती. तेलुगुत एकवचनात बाई आणि वस्तू यांना क्रियापद एकच लागतं. कोडलु वच्चिंदि म्हणजे सून आली, बस्सु वच्चिंदि म्हणजे बस आली, दोन्हीला वच्चिंदि. पुरुष आला तर मात्र वच्चाडु, अल्लुडु वच्चाडु, जावई आला. म्हणून पोस्टमन बरोबर "आला" आणि सून "आलं". आणि तेलुगुत बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर लागतो, म्हणून बसचं बस्सु होतं, कारचं कारु, तिकिटाचं टिक्केट्टु. "टिक्केट्टु तीस्कुन्नवा," तिकीट घेतलंस का, हे मी निघताना घरातनं हजार वेळा ऐकलंय. तर त्या पोरानं पोस्टमनला "आला" आणि सुनेला "आलं" बरोबर ठेवलं होतं! म्हणजे त्यानं ऐकलंय, गल्लीतल्या मावशीशेजारी उभं राहून वर्षानुवर्षं ऐकलंय.

कन्नड अक्काचं पण तसंच. कन्नडमध्ये बाईला वेगळं क्रियापद आहे पण निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून अक्का "सून आली" बरोबर म्हणते पण पुढं "भाकरी झालं, चहा झालं, घागर भरलं" म्हणते. माझी मैत्रीण इथं इतकी हसली की डोळ्यातनं पाणी आलं, म्हणाली हे माझी आई काल बोललीय. आणि अम्मीचं दखनी तर त्याच्या घरचंच, "मेरेकू नक्को," "कायकू," "हौ." नक्को हा आपल्याच मराठी "नको"वरनं दखनीत गेलेला शब्द, हे पण त्यानं एका वाक्यात आणलं, की अम्मीच्या भाषेतला सगळ्यात कामाचा शब्द शेजारणीकडनं उसना आणलाय आणि अजून परत दिलेला नाही.

आणि सगळ्यात भारी पंच कुठला माहितीय का, तो म्हणाला की आमच्या गल्लीत तिघींना तिन्ही भाषा कळतात, त्यामुळं कुणाबद्दल कुजबुजायचं तर भाषाच उरलेली नाही. गुपित सांगायला बायका रिक्षा करून दुसऱ्या गल्लीत जातात. आणि भांडण नेहमी मराठीत, कारण शिवी दिलेली समोरच्याला पहिल्या झटक्यात लागली पाहिजे, भाषांतर करत बसायला वेळ नाही, पाणी जाईल. हॉल अक्षरशः फुटला. आणि कुणावर हसलो आम्ही? कुणावरच नाही, म्हणजे सगळ्यांवर, पण त्या तिघींपैकी कुणीही तिथं बसलेली असती तरी हसलीच असती. शेवटी पाणी कुणाला मिळालं तर तेलुगु मावशीला, कारण बाकीच्या दोघी भांडत असताना ती गपचूप ओकटि, रेंडु, मूडु करत घागरी मोजून भरत होती.

ॲक्सेंटवर विनोद करूच नये असं म्हणणारी मी नाही. आपल्याकडं लक्ष्मण देशपांड्यांनी "वऱ्हाड निघालंय लंडनला" मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली, सगळी बोलीच्या जोरावर, आणि मराठवाड्यातली माणसं आपलं बोलणं ऐकून खूष होऊन बाहेर पडायची. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब दखनीत विनोदी कविता लिहायचे. परदेशात बघायचं तर रसेल पीटर्स, कॅनडात जन्मलेला, आईवडील अँग्लो इंडियन, त्याचं सगळ्यात गाजलेलं काम कुठलं तर स्वतःच्या वडिलांचा आवाज. दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर नोआ, आई खोसा आणि वडील स्विस, तो पण घरादारात ऐकलेल्या भाषा घेऊनच उभा राहतो. बोली हे सोनं आहे विनोदासाठी, आणि सोलापूर तर त्याची खाणच.

मग मेन कॉमेडियन आला. टाळ्या, शिट्ट्या, लाईट बदलली. आल्या आल्या "काय बे सोलापूर" म्हणाला, मस्त सुरुवात. पहिली दहा मिनिटं ईएमआय, जिम आणि सासुरवाडीवर, आणि खरं सांगते टायमिंग जबरदस्त आहे त्याचं, थांबतो कुठं, बघतो कुणाकडं, सगळं पक्कं. कसब आहे माणसात. पण मग ॲक्सेंटची गाडी सुरू झाली. बिहारी वॉचमन, सरदारजी ट्रकवाला, गुजराती शेठ पैसे मोजतोय, पारशी बावा गाडी पुसतोय, आफ्रिकन माणूस ड्रग विकतोय, चिनी माणूस वटवाघूळ खातोय. एकेकाला दोन मिनिटं. आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की यातल्या एकाही माणसाला काही म्हणायचंच नाहीये. वॉचमन झोपतो, शेठ मोजतो, एवढंच. आवाज बदलतो आणि जोक तिथंच संपतो. आवाज काढून टाकला तर खाली काहीच उरत नाही.

चिनी भाषेच्या नावाखाली तो चिंग चँग चुंग करत होता तेव्हा मला एकदम भय्या चौकातलं डॉ. कोटणीसांचं स्मारक आठवलं. आपल्या सोलापूरचा माणूस, १९१० चा जन्म, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता चिनी भाषा शिकला, इतकी की तिथल्या मुलांना त्याच भाषेत वैद्यकी शिकवली, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. ३२ व्या वर्षी, १९४२ ला, तिथंच गेला. त्या माणसाच्या गावात येऊन तू चिंग चँग करतोयस आणि तुला हे ठाऊक पण नाही! एक मिनिट गावाची माहिती काढली असती तर सोलापूरचा डॉक्टर पहिल्या दिवशी चिनी बोलायला लागला तेव्हा काय झालं असेल यावर दहा मिनिटांचा सुंदर सेट झाला असता. मला खरंच हळहळ वाटली, एवढी चांगली गोष्ट हाताशी होती.

त्याच झटक्यात त्यानं ईशान्येकडच्या लोकांना पण चिनीच करून टाकलं, मोमो, चाऊमीन वगैरे. इथं मला अजिबात हसू आलं नाही. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत लाजपत नगरला अरुणाचलच्या नीडो तानिया नावाच्या विद्यार्थ्याच्या केसांवरनं आणि दिसण्यावरनं दुकानात टिंगल झाली, त्यानं जाब विचारला तर मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा गेला. सुरुवात टिंगलीनंच झाली होती. कॉमेडियन मारामारी करतो असं मी म्हणत नाही, पण दुकानात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडात ती टिंगल तयार असते ती कुठनं तरी आलेली असते ना.

मग क्राउडवर्क, म्हणजे प्रेक्षकांशी बोलत विनोद करणं. पहिल्या रांगेत एक कॉलेजची मुलगी बसली होती, सावळी, निळा कुर्ता, मैत्रिणींबरोबर. तो तिच्याकडं बघून लाईटवाल्याला म्हणाला, "भाई, इकडं जरा लाईट मार, दिसेना कुणी बसलंय का नाही." लोक हसले. मी तिच्या तिरकस मागं होते त्यामुळं मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. ती पण हसली. हसता हसता तिनं ओढणी खांद्यावरनं काढून दोन्ही दंडांवरनं पुढं घेतली आणि तिथनं शो संपेपर्यंत तशीच धरून बसली. एसी काही एवढा गार नव्हता.

त्यानंतर विचारलं, "साऊथ इंडियन कोणी आहे का?" कुणीतरी मागनं ओरडलं की पूर्वभाग सगळा साऊथच आहे. त्यानं पुढच्या रांगा बघितल्या, नानांचं कपाळावरचं गंध बघितलं असेल, विचारलं, "अंकल, तुम्ही कुठले?" नाना म्हणाले, "मी सोलापूरचा." तो म्हणाला, "ओरिजनल कुठले?" नाना परत म्हणाले, "सोलापूरचाच की." मग त्यानं मान डोलवत "अय्यय्यो, यंडुगुंडू यंडुगुंडू" सुरू केलं, लुंगी उचलल्याची ॲक्शन, नारळ, इडली, सांबार. यंडुगुंडू. हा शब्द मी चौथीत ऐकला होता शेवटचा असं मला वाटत होतं. आणि जे काही तो बोलत होता ते तेलुगु नव्हतं, तमिळ पण नव्हतं, जुन्या हिंदी पिक्चरमधल्या मद्रासी नोकराचं बोलणं होतं. आमच्या घरात इडली महिन्यातनं एकदा होते, रोज तर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी.

नाना रागावले नाहीत. त्यांनी शर्टाच्या खिशातनं तिकिटाची प्रिंट काढली, चार घड्या घातल्या, परत खिशात ठेवली. बस एवढंच केलं. पण त्यानंतर ते हसले नाहीत, आणि मी जो हात त्यांच्या हातावर ठेवला तो त्यांनी दोनदा थोपटला, म्हणजे मलाच धीर दिल्यासारखा.

लोक म्हणतील की मनाला कशाला लावून घ्यायचं, जोक आहे. बरोबर आहे, मी पण जोक ऐकायलाच गेले होते, पैसे देऊन. पण हे काय मी एकटीनं काढलेलं खूळ नाही. अमेरिकेत डेव्ह चॅपेल नावाचा मोठा कृष्णवर्णीय कॉमेडियन आहे, काळ्या-गोऱ्यांवरच्या विनोदानंच मोठा झालेला. २००५ ला शोच्या तिसऱ्या सीझनचं शूटिंग चाललेलं असताना वर्णाबद्दलच्याच एका स्किटला सेटवरचा एक गोरा माणूस जसा हसला ते हसणं त्याला टोचलं, आपल्याबरोबर हसतोय की आपल्यावर हसतोय हेच कळेना झालं, आणि तो सुमारे ५ कोटी डॉलरचा करार सोडून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. हसणं कुठल्या जातीचं आहे हे कानाला कळतं. सिम्प्सन्स कार्टूनमधल्या अपू नावाच्या भारतीय दुकानदाराचा आवाज हँक अझेरिया नावाचा गोरा नट काढायचा, हरी कोंडाबोलू या कॉमेडियननं २०१७ ला त्यावर डॉक्युमेंटरी केली की या आवाजानं आम्हा पोरांचं शाळेत काय झालं, आणि २०२० ला अझेरियानं तो आवाज काढणं बंद केलं. तिकडं आपल्या पोरांना जे ऐकावं लागलं त्याचं आपल्याला वाईट वाटतं, मग इकडं आपण वॉचमनला आणि मोमोवाल्याला तेच ऐकवतो तेव्हा पण वाटायला हवं की नको?

आणि हे सोलापुरात व्हावं याचं मला जास्त लागलं. १९३१ च्या १२ जानेवारीला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं बघा, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. लहान पोरगं पण ती एका दमात म्हणतं. चार नावांत चार घरांच्या बोली आहेत, आणि "ओरिजनल कुठले" असं त्यांना कुणी विचारलं नाही.

शो संपल्यावर मी आयोजकांपैकी एकाशी बोलले, शांतपणे, की लाईटवाला जोक आणि यंडुगुंडू नको होतं. तो म्हणाला, मॅडम, पब्लिक हसतंय ना. हसत होतं, खोटं नाही. पण निम्म्यात हॉलचं हसणं बारीक होत गेलं होतं हे त्यानं बघितलंच नव्हतं, तो दारात काउंटरवर होता. पहिल्या पोराला जी टाळी पडली तशी मेनला शेवटी पडली नाही, हे मात्र तिथं असलेल्या कुणालाही विचारा.

पार्किंगमध्ये तो पहिला पोरगा बाईकला किक मारत होता, नाना स्वतःहून त्याच्याकडं गेले. म्हणाले, "माझी आई तू बघितली होतीस का रे?" तो गोंधळला. नानांनी सांगितलं सून आलं वगैरे, तर तो म्हणाला, "चाचा, आमच्या शेजारच्या मावशी आहेत, त्यांनीच मला लहानपणी सांभाळलंय, अम्मी कामाला जायची तेव्हा. त्यांना विचारून केलंय, आधी त्यांना करून दाखवलं, त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केलं." पोस्टमनचं "आला" त्या मावशीनंच दुरुस्त करून दिलेलं!

तर माझं म्हणणं असं की या हॉलला जा, पहिल्या पोराचं नाव पोस्टरवर बारीक अक्षरात असतं ते शोधा आणि त्याच्यासाठी जा, महिन्यातनं एकदा तिथं ओपन माईक पण होतो, तिकीट १०० रुपये, त्याला तर नक्की जा. पोराला पाचपैकी पाच. पुण्याच्या मुलीला साडेतीन. मेनला पहिल्या दहा मिनिटांचे दोन, पुढच्या पन्नास मिनिटांना मी काही देणार नाही. आयोजकांना विनंती की त्या पोराला बाराच्या जागी चाळीस मिनिटं द्या, आणि बाहेरनं कुणाला बोलावलं तर त्याला आदल्या दिवशी पूर्वभागातनं, विजापूर वेशीतनं, बाजारातनं फिरवून आणा, चहा पाजा, कान उघडे ठेवायला सांगा.

घरी येताना नाना गप्प होते. अशोक चौकाच्या अलीकडं म्हणाले, "तो बोलला ते तेलुगु नव्हतंच, मग मला कशाला विचारला?" मला काही उत्तर सुचलं नाही.

घरी पोचलो तर अम्मा, म्हणजे माझी आई, जेवायची थांबली होती. नाना चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेले, पिंपाजवळचा तांब्या उचलला, कंबरेवर घागर धरतात तसा धरला आणि अम्माला म्हणाले, "बघ, पाणी आलंय, नळावर तिघी आहेत." आणि सगळं करून दाखवलं, तिन्ही आवाज, अक्काचं घागर भरलं, अम्मीचं नक्को, आणि नायनम्मा. नायनम्मा तर त्या पोरापेक्षा पण भारी केली. अम्मा पदर तोंडात धरून हसत होती आणि मधेमधे सांगत होती, असं नाही, अत्ता, म्हणजे सासूबाई, मान अशी करायच्या.